आठवं काडतूस

मेहराब मेला तेव्हा त्याच्या पिस्तुलात सात काडतुसं शिल्लक होती. आठ भरली होती. पहिलं उडालं आणि उमरा खानच्या कानाजवळून गेलं. दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसतं टक् झालं. मेहराबनं पिस्तुलाकडे पाहिलं. ते पाहायला नको होतं. उमरा खान दहा पावलांवर उभा होता आणि त्याच्या पिस्तुलानं टक् केलं नाही. चार गोळ्या छातीत, पाचवी गळ्यात.

भांडण एका तुतीच्या झाडाचं होतं. झाड बांधावर होतं. फळं या बाजूला पडत, सावली त्या बाजूला.

शमरोज तेव्हा एकोणीस वर्षांचा. भावाच्या मागं टोपली घेऊन उभा होता. टोपलीत तुती होत्या. भाऊ त्याच्याच पायावर पडला.

आई आली. तिला तो अदे म्हणत असे, हातानं पिस्तुलं बनवणाऱ्या त्या डोंगरी दऱ्यात सगळेच आईला अदे म्हणतात. अदे रडली नाही. तिनं मेहराबच्या मुठीतून पिस्तूल सोडवलं, खालचं मॅगझीन काढलं आणि दगडावर एकदा आपटलं. आत अडकलेली काडतुसं खट्‌कन वर आली. सगळी धडधाकट होती.

"हे कुणी बनवलं?" तिनं विचारलं.

"मी," शमरोज म्हणाला.

"आतून कानस फिरवली होतीस?"

फिरवली नव्हती. गुरुवार होता, खाली मैदानात तिरंदाजीची शर्यत होती आणि पोरं हाका मारत होती. मॅगझीन म्हणजे पत्र्याची पेटी. आतून गुळगुळीत नसेल तर स्प्रिंगवरची ताटली कुठंतरी अडते, काडतुसं वर येत नाहीत, पिस्तुलाचा वरचा भाग मोकळाच पुढं जातो आणि घोडा रिकाम्या नळीवर पडतो. आतल्या कोपऱ्यात एक कोर राहिली होती. तांदळाच्या कणीएवढी. अर्ध्या तासाचं काम वाचवलं होतं.

दुसऱ्या बाया मेलेल्या पोराचा रक्ताचा सदरा जपून ठेवतात. अदेनं मॅगझीन ठेवलं. दाराच्या चौकटीवर खिळा ठोकला आणि त्यावर टांगलं. येता-जाता शमरोजच्या डोक्याला लागेल एवढं खाली.

दोन वर्षांनी शमरोजनं उमरा खानला मारलं. कोरड्या नदीच्या पात्रात, भर दुपारी. उमरा खानला स्वतःच्या कमरेपर्यंत हात नेता आला नाही. दोन गोळ्यांत काम झालं होतं. शमरोजनं तरी आठही झाडल्या. उरलेल्या सहा रागानं नव्हत्या. एकेक काडतूस वर येतं का, ते त्याला पाहायचं होतं. सगळी आली.

घरी येऊन त्यानं रिकामं मॅगझीन अदेपुढं ठेवलं. तिनं मान हलवली. जुनं मात्र खिळ्यावरून काढलं नाही.

पुढची तीस-पस्तीस वर्षं दोन्ही घरांत असंच चाललं. त्यांचा एक, यांचा एक. शमरोजचा एकुलता मुलगा बावीस वर्षांचा असताना विहिरीवर गेला आणि कळशी तेवढी परत आली. अदे म्हातारपणानं गेली. त्या घरात तसं मरण अलीकडं कुणाला आलं नव्हतं. शेवटी शमरोजच्या घरात दोन पुरुष उरले. तो स्वतः, आणि मेहराबचा मुलगा जनत मीर. बाप मेला तेव्हा जनत मीर आईच्या पोटात होता. काकानंच त्याला वाढवलं, लग्न करून दिलं, शेत दिलं. कानस मात्र हातात धरवली नाही. "तू चुकशील," एवढंच म्हणाला.

बाजारात शमरोज उस्तादचं नाव झालं होतं. अख्खं पिस्तूल त्यानं पुन्हा बनवलं नाही. फक्त मॅगझीन, स्प्रिंग, आणि काडतुसाच्या बुडावर आदळून ते उडवणारी सुई. पिस्तूल अडतं, दोनदा ओढावं लागतं, नुसतं टक् करतं, अशी तक्रार असली की लोक त्याच्याकडं पाठवत. तो आधी अंगठ्यानं स्प्रिंग दाबून बघायचा. मग मॅगझीनचे ओठ, म्हणजे वरच्या काडतुसाला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन कडा, नखानं मोजायचा. मग झाडलेल्या काडतुसाच्या बुडाची टोपी उजेडात धरायचा. तिच्यावर सुईचा खड्डा खोल असेल तर सुई बरी. नुसता ओरखडा असेल तर सुई खलास. एवढ्यानं काय ते कळायचं. माल दिला की गिऱ्हाइकासमोर टेकाडाच्या भिंतीवर आठही गोळ्या झाडून दाखवायच्या. सात नाही, आठ. सांगितलेला दिवस त्यानं चाळीस वर्षांत एकदाही चुकवला नाही.

तीन वर्षांपूर्वी जिर्ग्यानं, म्हणजे पंचांनी, दोन्ही घरांमध्ये दगड ठेवला. तुतीच्या झाडाखाली मोठा काळा दगड. तो तिथं आहे तोवर कुणी कुणावर हत्यार उचलायचं नाही; उचललं तर त्याचं घर जाळायचं. दोन्ही घरांच्या बंदुकाही पंचांनी जामीन म्हणून ठेवून घेतल्या. पिस्तुलं राहू दिली. पिस्तुलाशिवाय बाजारात जायचं म्हणजे माणूस नागडा.

तीन वर्षांची मुदत या शुक्रवारी संपत होती. वाढवायला जनत मीर तयार नव्हता. समोरूनही कुणी तयार नव्हतं. समोर म्हणजे सोहबत, उमरा खानचा मुलगा.

सोमवारी सकाळी तोच सोहबत शमरोजच्या दुकानात आला.

बाजारात वैर काढायचं नाही हा जुना नियम. तरी शेजारी नळ्यांना भोक पाडणाऱ्या पीर गुलनं यंत्र थांबवलं. "शमरोज," तो ओरडला, "गिऱ्हाईक आलंय की मृत्यूचा फरिश्ता?"

"दोघांनाही चहा लागतो. दोन कहवे सांग."

सोहबत खाटेवर बसला. चाळिशीचा, दाढीत पांढरं आलेलं. "सलाम, उस्ताद. ओळखलंत?"

"पिस्तूल ओळखलं," शमरोज म्हणाला.

सोहबतनं कमरेचं पिस्तूल काढून फडक्यावर ठेवलं होतं. तीस बोरचं. मुठीवर पितळेची चांदणी बसवलेली. मेहराबच्या गळ्यावर पाचवी गोळी ज्यातून लागली ते हेच. नदीच्या पात्रात उमरा खानच्या कमरेलाही हेच होतं.

"काय होतंय त्याला?"

"पाच उडतात. सहावी मनात आलं तर. सातवी-आठवीचं नावच काढू नका. नुसतं टक्. तुमच्या भावाचं झालं होतं ना, तसं."

पीर गुलनं श्वास आत ओढला. शमरोजनं मॅगझीन काढलं, अंगठ्यानं दाबलं. अंगठा ओल्या मातीत गेल्यासारखा खाली गेला.

"भरून ठेवलं होतंस?"

"मग काय रिकामं ठेवू? तुमचा पुतण्या तीनशे पावलांवर राहतो."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं. दगड पडला त्या दिवशी भरलं."

"आणि मधे हुजऱ्यात बसून रिकाम्या पिस्तुलाचा घोडा पाडत होतास."

सोहबत ओशाळून हसला. "पाहुणे बसतात, गप्पा होतात. हाताला चाळा नको?"

"चाळ्यानं सुई खाल्ली. टोक बोथट झालंय, हे बघ. उडलेल्या टोपीवरही नुसता ओरखडा असेल. पाच उडतात हेच नशीब."

हे नेहमीचं होतं. लढाई चालू असली की माणूस पिस्तूल रोज उघडतो, पुसतो, मॅगझीन आलटून पालटून रिकामं करतो. तह झाला की गच्च भरून उशाखाली ठेवतो आणि हुजऱ्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, चार माणसांपुढं नळी मोकळी करून टकटक करत बसतो. हातानं बनवलेल्या स्प्रिंगला ते दाबून बसणं सोसत नाही आणि हातानं बनवलेल्या सुईला रिकामा मार सोसत नाही. दऱ्यातली पिस्तुलं लढाईत बिघडत नाहीत. तहात बिघडतात.

"नवी स्प्रिंग, नवी सुई, ओठ आत घ्यावे लागतील," शमरोज म्हणाला. "कधी हवं?"

"शुक्रवारपर्यंत." सोहबतनं कहव्याचा घोट घेतला, गुळाचा खडा दाढेखाली धरला. "का ते विचारणार नाही?"

"गिऱ्हाइकाला 'का' विचारत नाही मी."

"लोक म्हणाले, दऱ्यात हे काम एकालाच जमतं. म्हटलं, बघू त्याला जमतं का. हात थरथरला नाही म्हणजे झालं." सोहबत उठला. "आठही उडायला हव्यात, उस्ताद."

"सात उडणारं मी देत नाही."

तो गेल्यावर पीर गुल दुकानात आला आणि कुजबुजला, "अल्लानं ताटात वाढलंय. स्प्रिंगचा एक वेढा कमी घाल. भिंतीवर आठ उडतील, चार दिवसांनी चारच. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"अरे, ते पिस्तूल जनत मीरवर चालणार! तुझं शेवटचं माणूस!"

"ठाऊक आहे."

"मग?"

शमरोजनं चष्मा पुसला. "एकदा वाईट मॅगझीन माझ्या हातून गेलं. माणूस माझंच मेलं. आता मुद्दाम तसं बनवू? मग इतकी वर्षं मी काय करत होतो?"

"येडा आहेस," पीर गुल म्हणाला आणि जाऊन यंत्र चालू केलं.

दोन दिवस शमरोज तेच काम करत होता. स्प्रिंगला पाणी देताना पोलादाचा रंग बरोबर यायला हवा. पहिली मनासारखी झाली नाही, ती त्यानं मोडून भंगारात टाकली. दुसरी ठेवली. पेटी आतून पॉलिश केली, मग कापूस फिरवून पाहिला. कापसाचा एक तंतूही अडकला नाही. सुईचं टोक भिंगाखाली घासलं. गुरुवारी एकट्यानं भिंतीवर आठ झाडल्या, पुन्हा भरल्या, पुन्हा आठ. तीन वेळा. मग सोहबतला निरोप पाठवला: माल तयार आहे, शुक्रवारी मी घरी आणून देतो.

संध्याकाळी हुजऱ्यात जनत मीर खाटेवर पाय पसरून बसला होता. टक्. टक्.

"मॅगझीन दे इकडं," शमरोज म्हणाला.

"काका, माझं ठणठणीत आहे."

"दे म्हणतो ना."

जनत मीरनं कुरकुरत दिलं. शमरोजनं अंगठ्यानं दाबलं. तीच ओली माती.

"यातून चार उडतील."

"मला एकच लागेल."

"तुझा बापही हेच म्हणायचा."

जनत मीर उठून बसला. "त्याचं पिस्तूल तुम्ही बनवून दिलंत म्हणे. सगळा बाजार बोलतोय. बापाच्या खुन्याचं पिस्तूल! उद्या माझ्या छातीत काय घुसेल ते घासून-पुसून देताय! तुम्हाला लाज नाही वाटत?"

"काम वाईट केलं असतं तर वाटली असती."

"माझं कधी देणार?"

"उद्या सकाळी."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं खोटा दिवस सांगितला. दऱ्यात हातानं बनलेल्या पिस्तुलाला दुसऱ्याचं मॅगझीन बसत नाही. प्रत्येकाचं माप वेगळं. पंचांकडच्या बंदुका शनिवारी मिळणार होत्या. म्हणजे शुक्रवारचा एक दिवस जनत मीरच्या हातात नुसतं लोखंड राहणार होतं. शमरोजला तेवढाच दिवस हवा होता.

सकाळी जनत मीर दुकानात तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा शमरोज म्हणाला, "होतंय." तिसऱ्या वेळी पीर गुलनं यंत्राआडून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा यंत्रावर वाकला.

दुपारच्या नमाजानंतर पंचांनी तुतीखालचा दगड उचलून बांधापलीकडं टाकला. खालची माती ओली होती, त्यात गोमी पळाल्या. पंच मागं सरले. जनत मीर काकाला शोधायला दुकानाकडं धावला. काका दुकानात नव्हता.

तो सोहबतच्या दाराच्या वाटेवर होता. कमरेला काही नाही. उजव्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल, डाव्या हातात मेंढ्याची दोरी. गळ्यात सुतळीनं बांधलेलं अदेचं मॅगझीन, सातही काडतुसांसकट. शत्रूच्या दारात शरण जाणं, याला तिथं ननवाते म्हणतात. ज्याच्या दारात असा माणूस येतो त्यानं सहसा नाही म्हणायचं नसतं. सहसा.

सोहबत दारातच उभा होता. दोन चुलतभाऊ मागं.

"दगड उचलला, उस्ताद. आता तुम्ही पाहुणे नाही."

"ननवातेला आलोय."

मागचे दोघं एकमेकांकडे पाहू लागले. सोहबतचा चेहरा कडक झाला. "आणि हातात?"

"तुझा माल."

"मग आधी माल." त्यानं फडकं सोडवलं. "भरलंय?"

"आठ."

"झाडून दाखवायची रीत आहे ना तुमची? आज मी झाडतो. निशाण दाखवा."

अंगणाच्या कडेला मातीची जाड भिंत होती. शमरोजनं मेंढ्याची दोरी खुंटीला बांधली, भिंतीशी गेला आणि उजवा तळवा भिंतीवर टेकवून म्हणाला, "इथं."

"हात काढू नका."

शमरोजनं हात काढला नाही.

सोहबतनं पाच पावलांवरून पहिली झाडली. माती शमरोजच्या तोंडावर उडाली. दुसरी अंगठ्याजवळ. तिसरी, चौथी. मेंढा दोरीला हिसके देऊन ओरडत होता. पाचवी करंगळीखाली, इतकी जवळ की कातडं भाजलं. शमरोज डोळे मिटून ऐकत होता. गोळी कुठं लागते ते तो ऐकत नव्हता. वरचा भाग मागं जातो, पुढं येतो, काडतूस उचलतो, तो आवाज ऐकत होता.

सहावी उडाली.

"वा," सोहबत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. सातवी उडाली. पिस्तूल खाली न आणता त्यानं विचारलं, "आठवी?"

"आठवीही उडेल."

"याच हातानं मारलंत ना माझ्या बापाला?"

"याच."

आठवी तळव्याच्या मधोमध गेली. हाडं फुटल्याचा आवाज गोळीच्या आवाजात मिसळला. शमरोज भिंतीला घासत खाली बसला आणि भिंतीवर लाल पट्टा ओढला गेला. तीन बोटं उलटी वळून लोंबत होती. सोहबतच्या पिस्तुलाचा वरचा भाग मागं जाऊन तिथंच थांबला. काडतुसं संपली की थांबतो तसा.

तेवढ्यात गोळ्यांचा आवाज ऐकून जनत मीर दारातून आत आला. हातात पिस्तूल. त्यानं काकाचा हात पाहिला, सोहबतला पाहिलं, पिस्तूल उचललं आणि तीन पावलांवरून त्याच्या तोंडावर चाप ओढला.

टक्.

जनत मीरनं घोडा मागं घेतला, पुन्हा ओढला. टक्. रागात तो विसरला होता की खाली मॅगझीनच नाही. सोहबतच्या हातातलं पिस्तूल उघडं, रिकामं. चुलतभाऊ कमरेला हात लावून उभे. मालकानं सांगितल्याशिवाय ननवातेच्या माणसासमोर हत्यार काढायचं कसं, त्यांना कळेना. जनत मीरनं तिसऱ्यांदा घोडा मागं घेतला.

"रिकामा घोडा पाडू नको, गाढवा," भिंतीखालून शमरोज दात आवळून म्हणाला. "सुई तुटते."

कुणीतरी हसलं. सोहबतच होता. नीट हसू नव्हतं ते. पोटातून आलं आणि मधेच फुटलं. आतून एक म्हातारी बाहेर आली. उमरा खानची बायको. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. डोक्यावरची चादर काढून दोन्ही पिस्तुलांच्या मधे जमिनीवर टाकली. बाईची चादर मधे पडली की पुढं हत्यार चालत नाही. मग तीच चादर उचलली, टरकावली आणि शमरोजच्या हाताला आवळून बांधली. बांधताना तिला त्याच्या गळ्यातलं मॅगझीन दिसलं.

"हे काय?"

"माझ्या भावाचं. सात उरली होती."

तिनं ते हातात घेऊन पाहिलं. "माझ्या नवऱ्याच्या पिस्तुलातही आठच्या आठ उरली होती," ती म्हणाली. "त्याचं चांगलं चालत होतं." आणि गाठ घट्ट केली.

मेंढा कापला गेला. हात हा रक्ताच्या हिशेबात पुरेसा आहे का, यावर पंच दोन दिवस बोलले. सोहबत एवढंच म्हणाला, "मला पुरला." महिनाभर जनत मीर काकाशी बोलला नाही, पण रोज त्याला भात भरवत होता, कारण उजव्या हाताला घास धरता येत नव्हता.

हात कापावा लागला नाही. पण त्याची मूठ पुन्हा झाली नाही आणि कानस त्यात टिकली नाही. शमरोज आता दुकानात खाटेवर बसतो. लोक मॅगझीन आणून देतात; तो डाव्या अंगठ्यानं दाबतो आणि काय करायचं ते सांगतो. करतो पीर गुल, आणि चार शिव्या खातो.

"हे घासणं झालं? हे खाजवणं झालं. परत कर."

"तुझा हात गेला, जीभ नाही गेली, हेच वाईट."

जनत मीरचं मॅगझीन अजून शमरोजच्या खिशात आहे. नवी स्प्रिंग घालायची आहे, पेटी आतून घासायची आहे. जनत मीर अधूनमधून दारात येऊन विचारतो, "काका, माझं कधी देताय?"

"उद्या," शमरोज म्हणतो.